तीन विरुद्ध शून्य

सरांनी अर्ज उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही खुलासा असेल. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि समोर उभ्या असलेल्या मुंगीकडे पाहिलं. मुंगी म्हणजे त्यांची चौथ्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी. ग्रंथालयातून स्वतःच्या वजनाहून जड पुस्तकं ओढत आणते, म्हणून सोबतच्यांनी तिला हे नाव चिकटवलं होतं.

"बस."

"बसते, पण सही आधी केलीत तर बरं. ऑफिसातले जेवायला उठतील."

"कंटाळलीस?"

"नाही."

"लग्न ठरलं?"

"सर!"

"मग एम.ए. कशाला हवंय तुला?"

राज्यशास्त्राच्या त्या विभागात हा प्रश्न कुणालाच विचित्र वाटला नसता. तिथे मुलं थेट डॉक्टरेटला लागत. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा आणि एक लांबलचक निबंध पार पडला की वाटेत एम.ए. पदरात पडायला हरकत नसे. अर्ज करायचा, मार्गदर्शकाची सही घ्यायची, झालं. पण अर्ज करतं कोण? पुढे जाणाऱ्याला ती पदवी म्हणजे पोरखेळ वाटे आणि जो ती मागे, तो निघालेला असे. तिला सगळे 'मधला थांबा' म्हणत. अर्ज मागितला की समजायचं, गडी उतरला. सरांच्या नोकरीत अकरा जण उतरले होते. आता ही बारावी, आणि तिचे डोळे ठणठणीत कोरडे होते, याचा त्यांना जास्त राग आला.

"आईसाठी हवंय," मुंगी म्हणाली. "कपडे शिवते ती. म्हणते, चार वर्षं नुसती मापंच घेतेयस, बेतणार कधी? तिच्या हातात एकदा काहीतरी ठेवायचंय. मी कुठेही उतरत नाहीये, सर. फक्त कागद हवाय."

"सगळे असंच म्हणतात."

"कोण म्हणालं होतं असं?"

सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि अकरा जणांची हजेरी घेतली. कुणी रडलं होतं, कुणी भांडलं होतं, एकाने तर सुटलो म्हणून पेढे वाटले होते. असं मात्र कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणाला होता तो त्यांच्याही आधीचा. पंतप्रधान.

तेव्हा सर स्वतः विद्यार्थी होते. एका खोलीत चार टेबलं आणि एकच खिडकी. खिडकीपाशी पंतप्रधान, कारण तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. पंखा बंद पडला तरी उभा राहून निवेदन करायचा म्हणून ते नाव. पलीकडे दाढी. दाराशी काकू, म्हणजे दोन लेकरांची आई, वयाने सगळ्यांत मोठी आणि चिडवण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि अंधाऱ्या कोपऱ्यात सर. चौघेही लोकशाहीवर लिहीत होते, त्यामुळे खोलीत सगळं मतदानाने ठरे. खिडकी उघडायची का, चहा कुणी आणायचा, दाढीने दाढी काढावी का. सरांचं अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त त्यांच्याकडे. एकदा खिडकीच्या एका झडपेवरून दुपारभर वाद चालला आणि चौघांत मिळून प्रबंधाची एक ओळ झाली नाही. तरीही आयुष्यातले भरगच्च दिवस कुठले, असं विचारलं असतं, तर सरांनी तेच मोजून दाखवले असते.

एका शुक्रवारी पंतप्रधानाने एम.ए.चा अर्ज भरला.

"बाबांना भिंतीवर लावायचंय रे," तो म्हणाला.

"हो, हो, भिंतीवरच लावतात ते," काकू म्हणाली आणि सगळे हसले. दाढीने निरोपाचं भाषण ठोकलं. पंतप्रधान मधेमधे "अरे, ऐका तरी" म्हणत होता, पण भाषण रंगात आलं होतं.

शनिवारी सभा झाली. विषय एकच, खिडकीचं टेबल. ठराव सरांच्या बाजूने मंजूर, तीन विरुद्ध शून्य.

सोमवारी सकाळी पंतप्रधान आला. दार त्याने पायाने ढकललं. खिडकीपाशी सर बसलेले पाहून तो थांबला.

"ठराव झाला वाटतं?"

"तीन विरुद्ध शून्य."

"आणि माझं मत?"

"तू गैरहजर होतास."

"मग रीतसर आहे," असं म्हणून तो इतका मोठ्याने हसला की सगळेच हसले. मग तो गेला. पुढे कळलं, भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.

हा किस्सा सर दर वर्षी नव्या तुकडीला सांगत, आवाज काढून, दार पायाने ढकलून दाखवत. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: उरलंसुरलं सामान न्यायला आला होता बिचारा, तेही न नेता गेला. यावर हमखास हशा मिळे.

"सर?" मुंगी म्हणाली.

सर दाराकडे पाहत होते. पायाने का ढकललं त्याने? हात भरलेले होते. पुस्तकं होती, हनुवटीपर्यंत, वरच्याच्या पाठीवर ग्रंथालयाची त्याच सकाळच्या शिक्क्याची चिठ्ठी. सामान न्यायला येणारा माणूस मोकळ्या हातांनी येतो.

त्यांनी सही केली. नेहमीचा फराटा न ओढता पूर्ण नाव लिहिलं, शाळेतल्यासारखं.

मुंगी अर्ज घेऊन ऑफिसकडे पळाली. सर उठले आणि संशोधकांच्या खोलीत गेले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. एक जण मुंगीचं टेबल वितीने मोजत होता.

"सर, मुंगी उतरली ना? आम्ही तुमच्यासारखीच सभा घेतली. चार विरुद्ध शून्य!" त्याने कागद पुढे केला. इतिवृत्त होतं, नीट समास सोडून लिहिलेलं. हे लिहायला यांना शिकवलं कोणी, हे विचारायची सोय नव्हती.

सरांनी कागद दुमडून खिशात घातला, मुंगीची खुर्ची ओढली आणि स्वतःच तिथे बसले.

"काही हवं होतं का, सर?"

"नाही. तुमचं चालू द्या."

कुणाचंच काही चालेना. सर तिच्या कागदांना हात न लावता, हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मुंगी आली ती पोचपावतीवर फुंकर मारत. आपल्या जागेवर सर, बाकीचे चिडीचूप. ती उंबऱ्यातच थांबली. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली आणि चेहरा उतरत गेला.

सर इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे आपटली. त्यांनी ती सरळ केली, रुमालाने बैठक पुसली आणि बाजूला झाले.

"ये," ते म्हणाले.

ती बसेपर्यंत ते उभेच राहिले. आणि सर उभे, म्हणून सगळी खोली उभी राहिली.