बायकोच्या पेशींवर जळणारा नवरा

माणूस कशावर जळेल याचा नेम नाही. शेजाऱ्याच्या गाडीवर जळणारे आपण रोज पाहतो, मेहुण्याच्या बढतीवर जळणारे तर आपल्याच घरात सापडतात. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढणारे आमचे नकाशेवाले मात्र बायकोच्या पेशींवर जळत होते.

बायको संशोधक. माणसाच्या यकृताच्या पेशी ती प्लास्टिकच्या तबकड्यांत वाढवी, त्यांना ई जीवनसत्त्व देई आणि मग त्या कोलेस्टेरॉलचं काय करतात ते पाही. पेशींना रविवार कळत नाही. त्यांचं गुलाबी पोषकद्रव वेळेवर बदलावं लागतं, म्हणून एका रविवारी बाई पुतण्याच्या वाढदिवसाचा केक कापायच्या आत उठून गेल्या. परत आल्यावर काळजीने म्हणाल्या, "आज जरा मलूल दिसत होत्या."

नकाशेवाले त्या आठवड्यात सर्दीने चांगलेच मलूल होते. त्याची नोंद कोणी घेतली नाही. त्यांनी आईकडे गाऱ्हाणं नेलं. आई म्हणाली, एक सवत असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. या लाखोंनी आहेत आणि दिसतही नाहीत, तेव्हा तू आपला गप्प बस.

पुढे बाईंना परिषदेत भाषण द्यायचं ठरलं. त्याची तालीम स्वयंपाकघरात झाली आणि श्रोते म्हणून नकाशेवाल्यांना बसवण्यात आलं. त्यांनी एकच वाक्य नीट ऐकलं: ई जीवनसत्त्व मिळालेल्या पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल कमी बनवतात. पुढचं वाक्य 'मात्र'ने सुरू होत होतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर गोळी दिली होती, आणि पायात गुठळी झाल्यापासून रक्त पातळ करायची दुसरी गोळीही चालू होती. नकाशेवाल्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी कपाटात टाकली, औषधाच्या दुकानातून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या आणि जेवणानंतर बडीशेप खावी तशा खायला लागले. पुढच्या तपासणीत आपला रिपोर्ट पेशींच्या नाकावर टिच्चून चांगला येणार, बाईंना तो बघावाच लागणार, आणि रिपोर्ट बघताना मान वर केली की समोर आपणच असणार, असा एकंदर बेत होता.

बाई परिषदेला निघायच्या सकाळी नकाशेवाल्यांना दाढी करताना जरासं कापलं. रक्त थांबेना. टॉवेल भिजला. मग नाकातूनही रक्त सुरू झालं. खाली टॅक्सी उभी होती. "काय खाताय तुम्ही?" बाईंनी विचारलं. आधी 'काही नाही', मग 'काही खास नाही' असं करत शेवटी बाटली बाहेर आली. ती जवळजवळ रिकामी होती!

टॅक्सी परिषदेऐवजी इस्पितळात गेली. रक्त पातळ करायच्या गोळीवर एवढं ई जीवनसत्त्व म्हणजे आगीत तेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आणखी बरंच म्हणाल्या. रक्त थांबलं. तेवढ्यात परिषदेतलं भाषण बाईंच्या सहकाऱ्याने उरकलं. अखेर बायको सगळं सोडून आपल्या उशाशी बसली आहे, हे नकाशेवाल्यांच्या लक्षात आलं. महिनोन्‌महिने हवं होतं ते हेच. पण आता लाजेने तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुझ्या पेशींना चालतं, मग मला का नाही?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"अहो, त्या पेशींच्या पायात गुठळी नाही. त्यांना पायच नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि माझं पुढचं वाक्य कुठे ऐकलंत? पेशी कोलेस्टेरॉल कमी बनवते, मात्र रक्तातून आत ओढून घेणंही कमी करते. तुमच्याच भाषेत सांगते. टाकीत येणारं पाणी कमी केलं आणि खालचा व्हॉल्व्हही आवळला, तर पातळी उतरेल?"

"सांगता येत नाही," नकाशेवाले नाइलाजाने म्हणाले.

"मलाही नाही सांगता येत. म्हणून तर अजून प्रयोग चालू आहेत. आणि प्रयोग संपला की त्या पेशी मी ब्लीच ओतून मारते. तुमचं काय करू?"

नकाशेवाल्यांना हसू आलं, आणि हसता हसता खरं तोंडातून निसटलं. "त्या कशा आहेत ते तू रोज बघतेस. मी कसा आहे ते विचारत नाहीस."

बाईंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "हे खरं आहे. पण हे मला सांगायला तुम्हाला तोंड होतं. त्यांना नाही, म्हणून जाऊन बघावं लागतं."

कपाटातली गोळी पुन्हा सुरू झाली. आता रविवारी दोघं बरोबरच प्रयोगशाळेत जातात आणि येताना लांबच्या रस्त्याने चालत येतात. एकदा नकाशेवाल्यांनी सूक्ष्मदर्शकातून सवती पाहिल्या. करडे ठिपके, एकमेकांना चिकटून बसलेले. यांच्यावर आपण जळत होतो, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

तर नागरिकहो, तबकडीतल्या पेशीला मानवलेलं तुम्हाआम्हाला मानवेलच असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नका, चालू असलेली तर मुळीच बंद करू नका. आणि घरच्या माणसाचं लक्ष हवं असेल तर सरळ मागून बघा. मागताना जीभ जड होते खरी, पण रक्त जात नाही.