उभ्या गाडीचा विमा

काचवाल्याच्या घरी दिवसाचा आरंभ हॉर्नने होत असे. बोळाच्या मागच्या टोकाला त्याचे बिऱ्हाड आणि काचकामाची शेड. पुढच्या टोकाला, रस्त्यालगत, त्याच्या थोरल्या भावाचे घर. आणि त्या घराच्या दारासमोर, बोळाचे तोंड अडवून, दिवंगत वडिलांची निळी मोटार. ती मोटार स्वबळावर हलल्याला युगे लोटली होती. धाकट्याला आपला टेम्पो बाहेर काढायचा झाला म्हणजे त्याने हॉर्न वाजवायचा, थोरल्याने बुद्धिपुरस्सर विलंब लावून सपाता फरफटत यायचे, आणि मग दोघांनी खांद्याला खांदा लावून ती मोटार रस्त्यावर ढकलायची. टेम्पो बाहेर पडला की पुन्हा तसेच ढकलून तिला जागी आणायची. हे सर्व होत असताना उभयतांच्या मुखातून जी वाणी स्रवत असे, ती शेजारपाजारच्या मंडळींना आता मुखोद्गत झाली होती.

"वाजव, वाजव. कानाचे पडदे फाटेपर्यंत वाजव!"

"आलास का? मला वाटलं, आत बरंवाईट झालं की काय. खांदेकरी बोलवायच्या बेतात होतो."

"ढकल गुमान. ह्या टायरांकडे बघ, अगदी तुझी आठवण येते. आत हवा नाही, पण ऐट काय!"

"गाडी काढून का टाकत नाहीस एकदाची?"

"बाबांची गाडी आहे. तुझ्या सासऱ्याची नाही."

वडील निवर्तल्यापासून हा नित्यपाठ एक दिवसही चुकला नव्हता. परंतु ह्या पाठाचे एक फळ होते. शिव्याशापांच्या अखेरीस वाट रोज मोकळी होत असे. काचवाल्याच्या ध्यानात नेमके एवढेच आले नाही.

आपल्या टेम्पोच्या विम्याचे नूतनीकरण करायला तो गेला, तेव्हा विमा एजंटाने बोलता बोलता त्याच्या हाती शस्त्र दिले. नवा नियम असा, की विम्यावाचून गाडी चालवणे हा तर अपराध आहेच, पण विम्यावाचून गाडी नुसती बाळगणे हाही अपराध आहे. गाडी रस्त्यावर धावो अथवा दारात गंजत पडो, जोवर सरकारदरबारी तिची नोंद जिवंत आहे तोवर विमा हवा. नसेल तर दंड. काचवाला घरी आला तो मनातल्या मनात हसतच. ताटावर बसल्या बसल्या त्याने बायकोला बेत सांगितला.

"भाऊजींना एकदा सांगून तर बघा आधी," ती म्हणाली.

"रोज सकाळी सांगतोच आहे. आख्खी आळी ऐकते."

"तसं नाही. माणसासारखं."

"तू वाढ," काचवाला म्हणाला, आणि जेवण आटोपून त्याने वाहन कार्यालयाला फोन केला.

दोन दिवसांनी सकाळी दंडवसुली करणारी बाई आली. खाकी कोट, करड्या केसांची घट्ट वेणी, आणि मुद्रा अशी, की तिच्यापुढे खोटे बोलावे असे कुणाच्या मनात येऊ नये. बरोबर एक कामगार होता आणि त्याच्या खांद्यावर पिवळा लोखंडी जॅमर. काचवाला हाताची घडी घालून शेडच्या दारात उभा राहिला. त्याच्या पाठीमागे टेम्पो सज्ज होता. टेम्पोच्या अंगाला जोडलेल्या तिरक्या घोडीवर, मऊ लोकरी नमद्याच्या पट्ट्यांत आवळून, पुरुषभर उंचीची एक काच आदल्या सायंकाळीच चढवलेली होती. नव्या इस्पितळाच्या दर्शनी भागाची ती काच. परवा उद्घाटन, उद्या सकाळी काच बसली नाही तर ते काम आणि पाठोपाठ वरच्या तिन्ही मजल्यांचे काम दुसऱ्याच्या पदरात पडणार होते.

थोरला हात पुसत बाहेर आला. तो शिलाई यंत्रे दुरुस्त करीत असे. त्याच्या बोटांना तेलाचा वास कायमचा चिकटलेला होता.

"बाई, उभ्या गाडीचा कसला विमा? ती काय कुणाला धडकणार आहे?"

"उभी असो की निजलेली. नोंद कुणाच्या नावावर?"

"माझ्या. वडिलांच्या मागे माझ्या नावावर आली."

"मग दंडही तुमच्याच नावावर येतो. तोही वारसाहक्कानेच म्हणा," बाई म्हणाली आणि तिने कामगाराला खूण केली. पिवळ्या लोखंडाने मोटारीच्या पुढच्या चाकाला मिठी मारली. कुलूप खट्‌कन लागले. तो आवाज काचवाल्याला सनईसारखा गोड वाटला.

"आता हिला उचलून नेता ना?" त्याने पुढे होऊन विचारले.

"उचलायची कशाला? पहिल्या खेपेला जॅमर जागेवरच. पंधरा दिवसांत दंड भरून विमा दाखवला तर काढणार, नाही तर मग उचलणार."

"पंधरा दिवस!" काचवाल्याच्या हाताची घडी सुटली. "आणि माझा टेम्पो? तो आत आहे! त्याचा विमा आहे!"

"मग घाबरता कशाला? तुमच्या टेम्पोला कुणी हात लावलाय?"

थोरल्याने दाराच्या चौकटीला पाठ टेकवली आणि तो हसला. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "धाकट्या, तक्रार तुझी होती होय! अरे, मला सांगायचंस. मीच नसता का फोन लावला!"

दुपार होईतो काचवाल्याने बोळाची मापे घेऊन घेऊन टेप झिजवली. मोटार आणि भिंत यांच्यामध्ये कोपरभर फट होती.

"काच काय, पत्र्यासारखी पातळ," बायको म्हणाली. "उभी करून हातांनी नाही का नेता येणार?"

"काच जाईल. तिला धरणारी माणसं कुठून जाणार? एवढी काच दोन्ही अंगांनी धरून चालावी लागते. भिंतीत शिरून चालू?"

"मग आता जा आणि माणसासारखं सांगा," ती म्हणाली. तिच्या स्वरात करुणा नव्हती.

तो गेला. थोरला एका यंत्राचे पोट उघडून बसला होता. वडिलांच्या पश्चात ह्या उंबरठ्याच्या आत काचवाल्याचे पाऊल पडले नव्हते, आणि जो शब्द त्याने इतकी वर्षे ओठांआड कोंडून ठेवला होता तो आता खरवडून बाहेर काढावा लागला.

"दादा."

"ऐकू नाही आलं. यंत्राचा आवाज फार."

यंत्र बंद होते. काचवाला आणखी जवळ सरकला.

"दादा, दंड मी भरतो. विम्याचे पैसे मी देतो. तू फक्त सही कर."

"बघ, कसा मधासारखा झालास!" थोरल्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तुझे पैसे मला नकोत. तू असं कर, गाडीच घेऊन टाक. तुझ्या नावावर. फुकट."

"अहो, पण नीट विचार..." आतून वहिनीचा स्वर आला आणि थोरल्याने त्या दिशेला नुसते पाहताच तो विरून गेला. काचवाल्याने त्याचा अर्थ असा लावला, की फुकट देणे वहिनीला सोसवत नाही. आपण जिंकलो अशी त्याची खात्री पटली. गाडी आपली झाली, की विमा उतरवू, जॅमर काढू, आणि मग ती ढकलत नेऊन गावाबाहेर सोडू! पुन्हा ह्याचे तोंड म्हणून पाहणे नको.

कार्यालयात हस्तांतराला फारसा वेळ लागला नाही. थोरल्याने आपली सही सावकाश, वळणदार केली, धाकट्याने घाईघाईने. खिडकीशी तीच सकाळची बाई होती. दंड गाडीच्या मागे लागतो, तेव्हा तो आता नव्या मालकाने भरायचा, असे तिने सांगितले. काचवाल्याने तिथल्या तिथे भरला. मग त्याने आपल्या एजंटाला फोन लावला.

"निळी मोटार? चालते का?" एजंटाने विचारले.

"चालत नाही. उभीच असते."

"मग तिचा विमा कोण उतरवणार, काका? आमचा माणूस येतो, गाडी सुरू करून दोन पावलं चालवून बघतो, मग कागद. सगळीकडे हेच."

काचवाल्याने फोन ठेवला. बाईने काही न विचारता ओळखले. विमा मिळत नसेल तर मार्ग दोनच, ती म्हणाली. पंधरा दिवस थांबा; किंवा मालक म्हणून गाडी मोडीत काढायला लेखी संमती द्या. संमती दिलीत तर आमचा ट्रक आत्ता येईल, गाडी थेट यंत्राखाली जाईल, नोंद मिटेल, वाट मोकळी. तिने एक कागद खिडकीतून पुढे सरकवला.

तेव्हा काचवाल्याने मागे वळून पाहिले. थोरला घरी गेलाच नव्हता. दाराशी उभा राहून तो सारे ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता.

"तुला ठाऊक होतं."

"नियम आला तेव्हाच मी चौकशी करून गेलो होतो. चार कंपन्यांनी हेच सांगितलं. मग इथल्या एका साहेबांनी हाच कागद पुढे केला." थोरला जवळ आला. "मी नाही केली सही. बाबांची गाडी यंत्राखाली चेपायला मी द्यायची?"

"म्हणून माझ्या गळ्यात घातलीस!"

"हात कुणी लावला आधी? फोन कुणी केला? लावलाच आहेस तर पुरता लाव. चार माणसांत सांगायला मला बरं पडेल."

काचवाला त्या कागदाकडे पाहत राहिला. उमेदवारीच्या दिवसांत टेम्पो नव्हता, तेव्हा त्याच्या काचा ह्याच मोटारीच्या टपावरून जात. वडील पायी चालणाऱ्याच्या गतीने मोटार हाकीत. उजव्या खिडकीतून थोरला हात बाहेर काढून काचेची कड धरी, डाव्या खिडकीतून धाकटा. खड्डा आला की वडील आधी ओरडत, "पोरांनो, सांभाळा!" आणि दोन्ही हात एकाच क्षणी घट्ट होत. पितृऋण शब्दांनी फिटत नाही, आणि दंड भरूनही नाही. हे त्याला कुणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. परंतु उद्याची सकाळही तितकीच खरी होती. शेडमध्ये तिघे कामगार होते आणि त्यांची तिन्ही घरे त्या इस्पितळाच्या काचांवर डोळे लावून बसली होती.

"पेन देता का?" त्याने बाईला विचारले.

सही नेहमीसारखीच उमटली, आणि पुढे कित्येक दिवस त्याला ह्याच गोष्टीचे नवल वाटत राहिले.

ट्रक सायंकाळच्या आत आला. आळी झाडून सारी गोळा झाली. थोरला दारात स्टूल टाकून बसला होता आणि फोनवर आत्याशी बोलत होता. आत्याला कमी ऐकू येते, ह्या सबबीखाली त्याचा आवाज रस्त्याच्या पलीकडे पोहोचत होता.

"हो, बाबांचीच! मोडीत! कुणी म्हणजे? त्यानेच! सहीचा कागद आहे ना!"

"आणि हेही सांग, की फुकट कुणी दिली!" काचवाला ओरडला.

"ठेवायला दिली होती! मोडायला नव्हे!" थोरला फोन कानाशी तसाच धरून ओरडला. "ऐकलंस आत्या? पुन्हा वर तोंड करून बोलतोय!"

बाईने कुलूप उघडून जॅमर काढला. साखळ्या आवळल्या गेल्या. मोटार उचलली जाताना तिचे एक दार आपोआप उघडले आणि लोंबकळत राहिले. कामगाराने ते पायाने ढकलून बंद केले. त्या क्षणी थोरला उठून उभा राहिला होता आणि काचवाला एक पाऊल पुढे आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थोरला आधी खाली बसला. "बघून घ्या सगळ्यांनी," तो गर्दीला म्हणाला, "असा मुलगा शत्रूलाही होऊ नये." गर्दीतले कुणी हसले नाही. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी काच वेळेवर बसली. इस्पितळाच्या मुकादमाने दुरून, जवळून, वाकून पाहिली, आणि वरच्या तीन मजल्यांची मापे घ्यायला सांगितले. काचवाला मान डोलावत होता. मात्र त्याच्या खिशात फोन अखंड थरथरत होता. आत्या, मावसभाऊ, बायकोची बहीण. एकाचाही फोन त्याने उचलला नाही.

दुपारी तो परतला. बोळाचे तोंड सताड उघडे होते. वडील गेल्यापासून परतताना त्याने ते असे मोकळे कधी पाहिले नव्हते. तो आत वळला, थांबला, मागे आला. मग त्याने टेम्पो थोरल्याच्या दाराला असा लगटून उभा केला, की मधून मांजरही अंग चोरून जावे.

बायको आतून धावत आली. "इथे काय लावता? आत घ्या ना. आख्खी वाट मोकळी आहे!"

एवढ्यात थोरल्याच्या घराचे दार उघडू लागले आणि टेम्पोच्या पत्र्यावर आपटून अडले. फटीतून एक डोळा आणि तेलकट बोटे दिसली.

"काढ ती गाडी! काढ म्हणतो ना!"

काचवाल्याने किल्ली खिशात टाकली आणि पुढच्या काचेवर डकवलेल्या कागदावर टिचकी मारली.

"कर तक्रार. विमा उतरवलेला आहे."