ज्या पुस्तकापायी नंबर गेला

मी घोडा बोलतोय. चारा खाणारा नव्हे, डिझेल पिणारा. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर लादलेले लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. त्यांना पुढून ओढणारं इंजिन आणि केबिन मिळून जे धूड असतं, त्याला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. तोच मी. रंगानं लाल, आवाजानं खणखणीत आणि स्वभावानं थोडा फटकळ. आता हा खड्ड्यांची आणि टायरांची रड सांगणार, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. मी पुस्तकांबद्दल बोलणार आहे. त्या विषयात या रस्त्यावरच्या कुठल्याही घोड्यापेक्षा मला जास्त कळतं.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या कारखान्यात झाला. पहिला मालक पनवेलचा. त्याच्याकडे ड्रायव्हर टिकायचे नाहीत. एक जण माझ्या गिअरशी कुस्ती खेळायचा, दुसरा डॅशबोर्डवर पाच-पाच देव चिकटवायचा पण ऑइल बदलायचा नाही. त्यांच्यात बरा कोण हे ठरवायचं म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ. त्या काळात माझ्या सीटमागे रिकाम्या बाटल्या आणि मळके टॉवेल यांखेरीज काही नसायचं.

मग मला राहुलनं घेतलं. राहुल उरणकडच्या एका गावातला. त्याचे वडील अंबाजी जन्मभर मिठागरावर राबलेले. पुढे मिठागरं गेली, त्यांच्यावरून बंदराचा रस्ता गेला, आणि बापाच्या हातात जिथं फावडं होतं, तिथं पोराच्या हातात आलं स्टिअरिंग. शाळा त्यानं नववीतच सोडली होती. पण हात असा हलका, की पहिल्याच दिवशी त्यानं गिअर टाकला आणि मला वाटलं, चला, आपलं नशीब उघडलं.

बंदराचं काम म्हणजे चालवणं थोडं आणि थांबणं फार. गेटपाशी रांग लागते, ती कधी तासाभरात हलते, कधी अर्धा दिवस हलत नाही. सगळे ड्रायव्हर त्या वेळात मोबाइल बघतात. राहुलही बघायचा. एकदा त्याची मुलगी क्रांती शाळेतून येताना माझ्यात बसली आणि वाचनालयाचं पुस्तक सीटवर विसरून गेली. दुसऱ्या दिवशी रांगेत मोबाइलची बॅटरी उतरली आणि राहुलनं नाइलाजानं ते उघडलं. रांग हलेपर्यंत ते संपलंसुद्धा. "आयला," तो मला म्हणाला, "येळ कसा गेला कललाच न्हाय."

त्या आठवड्यात त्यानं माझ्या सीटमागे एक फळी ठोकली. ब्रेक मारला की पुस्तकं डोक्यावर येऊ नयेत म्हणून टायरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आडवी ताणून बसवली. अंगावर फुलांच्या माळा मिरवणारे घोडे मी पुष्कळ पाहिले. माझ्या अंगावर फळी होती. मी त्यांच्याकडे वरूनच बघायचो.

आता गावच्या वाचनालयाची रीत सांगतो. ते चालवते राहुलची बायको सुचिता. पाडव्याला गुढी उभारली की सभासद तिथं जमतात. प्रत्येकानं आधी कडुलिंबाची चटणी खायची आणि ती तोंडात असतानाच दोन गोष्टी सांगायच्या. सरत्या वर्षात पुस्तकं किती वाचली, आणि त्यांतलं आवडतं कोणतं. कडू तोंडानं माणूस खोटं बोलत नाही, असं सुचिताचं म्हणणं. आवडतं पुस्तक मग गुढीशेजारच्या टेबलावर मांडतात आणि पुढच्या वर्षाचा आकडा बोलून दाखवायचा.

पहिल्या वर्षी राहुलनं दहाचा आकडा सांगितला आणि वाचली तीन. पाडवा आला तशी त्यानं पळवाट शोधली. "अर्जंट भाडं हाय," असं घरी सांगून पहाटेच मला बाहेर काढलं. भाडंबिडं काही नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही बायपासच्या कडेला नुसते उभे होतो. मी त्या दिवशी इतका शरमलो, की इंजिन बंद असूनही तापलो होतो.

घरी गेल्यावर क्रांती माझ्या दारापाशी आली. ती भांडली नाही. "पप्पा, मी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती," एवढंच म्हणाली. "शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही."

राहुल तसाच वाचनालयात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "चोवीस! पुढच्या पाडव्याला चोवीस वाचून दाखवीन आणि त्या खुर्चीत बसंन." संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. आता माघार नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला आतून बरं वाटलं. पोरीपुढे मान ताठ ठेवायची, एवढंच त्याला हवं होतं.

श्रावणात त्यानं हिरव्या कव्हरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या केसर नावाच्या बाईची गोष्ट. नवरा गेल्यावर तिनं वल्हं हातात घेतलेलं, आणि आता खाडीवर पूल बांधला जात होता. एकेक खांब उभा राहतो तसा तरीतला एकेक माणूस कमी होतो. राहुल वाचायचा आणि शेजारच्या घोड्यावरच्या साहिलला खिडकीतून गोष्ट सांगायचा. साहिल दुसऱ्याची गाडी चालवायचा. त्याला वाचायचा कंटाळा, पण ऐकायची हौस मोठी.

एका दुपारी गोष्टीतला पूल पुरा झाला. उद्या उद्घाटन, आणि केसर काठाला बांधलेल्या तरीत एकटी बसून होती. राहुलचे डोळे पानावर खिळलेले. तेवढ्यात रांग हलली. मागून भोंगे सुरू झाले, कोणी आईबहीण काढली. मी स्वतःचा भोंगा वाजवू शकलो असतो तर वाजवला असता. राहुलला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. मागचे घोडे बाजूनं घुसून पुढे गेले, गेटची वेळ टळली आणि आमचा नंबर गेला.

नंबर जाणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळतं. पुन्हा पार्किंगमध्ये जायचं आणि शेपटाला लागायचं. कंटेनर जहाजावर चढला नाही, फोनवरून शिव्या बसल्या त्या वेगळ्याच. रस्त्यावर त्याची टर उडाली. झोपेत नंबर घालवणारे पुष्कळ होते, पण पुस्तकात नंबर घालवणारा हा पहिलाच. रागाच्या भरात त्यानं हिरवं पुस्तक चिंधीत गुंडाळलं आणि सीटखालच्या पेटीत, जॅक आणि दोरखंडाच्या खाली कोंबलं. सुचितानं विचारलं, तर "वाचतोय अजून," म्हणून वेळ मारून न्यायची.

त्यानंतर त्यानं नेम धरला तो फक्त बारक्या पुस्तकांवर. वाचनालयात गेला की आधी जाडी बघायची, मग नाव. अर्ध्या रांगेत संपेल असं, भोंगा वाजला की चटकन मिटता येईल असं. आकडा भराभर वाढू लागला. माणसं देवळात प्रदक्षिणा मोजतात ना, तसं. पाय फिरतात आणि लक्ष चपलांकडे. मला ते आवडलं नव्हतं, पण मला विचारतो कोण?

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रांगेत होतो. तेवीस झाली होती. चोविसावं फळीवर तयार होतं, तळहाताएवढं. इतक्यात क्रांतीचा फोन आला.

"पप्पा, उद्या येशील ना?"

"येनार म्हंजे काय! चोवीस पुरी करूनच येनार."

"आणि आवडतं कुठलं? आई म्हणते आधी सांगितलंस तर बाजूला काढून ठेवते."

राहुलनं वळून फळीकडे पाहिलं. कुत्रा हरवतो ते पुस्तक कुठलं आणि कुत्रा सापडतो ते कुठलं, हेसुद्धा त्याला सांगता येईना. "सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला. चेहरा साफ उतरला. मला त्याची फार दया आली. वर्षभर राबून खळ्यावर नुसता पेंढा निघावा, तसं त्याचं झालं होतं.

साहिल चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि पायरीवर चढून बसला.

"काय रं, तोंड का पारलंस?"

"क्रांती इचारते, आवडीचं कंचं. तेवीस वाचली, पन एक आठवत न्हाय."

"मना त्यातलं काय कलत न्हाय," साहिल म्हणाला. "पन एक सांग. त्या केसरचं काय झालं रं शेवटी? ती पुलावरनं गेली का न्हाय?"

"फुडं वाचलंच न्हाय मी."

"वाचलं न्हाय?" साहिलचा चहा सांडला. "अरं, मी इतकं महिनं इचार करतोय! खाडीचा पूल आला की मना ती बाई दिसते. तू वाचलंच न्हाय?"

राहुल उठला. मग त्यानं सीट उचलली, दोरखंड फेकला, जॅक बाजूला केला आणि चिंधी सोडली. पानाचा कोपरा दुमडलेला तसाच होता. फळीवरचं तळहाताएवढं पुस्तक समोर दिसत होतं. ते घेतलं असतं तर चोवीस झाली असती. त्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हिरवं उघडलं.

"मोठ्यानं वाच," साहिल म्हणाला.

राहुल मोठ्यानं वाचू लागला. उद्घाटनाच्या सकाळी केसर तर घेऊन निघते. आत एकही माणूस नाही. शेवटची फेरी ती रिकामीच मारते. पलीकडच्या काठावर तर बांधते, वल्हं खांद्यावर घेते आणि...

रांग हलली. मागून भोंगे.

"साहिल, नंबर!"

"जाऊ दे नंबर! वाच!"

आणि ती वल्हं खांद्यावर घेऊन पुलावरून चालत परत येते. पाहुण्यांनी फीत कापायच्या आधीच. कोणी अडवत नाही. मधोमध थांबून ती खाली पाण्याकडे बघते आणि म्हणते, "वाट माझीच हाय. आता पायानं जाईन."

राहुलनं पुस्तक मिटलं. साहिल बाहेर बघत नाक पुसत होता. दोघांचेही नंबर गेले होते. आमच्या दोघांच्या बाजूनं अख्खी रांग शिव्या देत पुढे गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शिव्या छाती फुगवून ऐकल्या.

शेपटाला लागून, कंटेनर उतरवून, ट्रेलर सोडून, नुसता घोडा घेऊन राहुल सकाळी गावात शिरला तेव्हा गुढी उभी राहिली होती. त्यानं मला वाचनालयाच्या खिडकीशी लावलं. दार उघडं, त्यामुळे आतलं सगळं मला दिसत होतं. क्रांती एका खुर्चीवर हात ठेवून उभी होती. राहुल जाऊन त्या खुर्चीत बसला. क्रांतीनं हात काढला नाही, तो त्याच्या खांद्यावर ठेवला.

त्याची पाळी आली. सुचितानं चटणी पुढे केली. "बोला, क्रांतीचे पप्पा. किती?"

राहुलनं चटणी तोंडात टाकली. "तेवीस आनि हे एक धरून चोवीस होतात," तो म्हणाला. "पन खरं सांगायचं तं मी एकच वाचलं. बाकीची नुसती संपवली."

लोक हसले. सुचिता हसली नाही. "आणि आवडतं?"

त्यानं हिरवं पुस्तक वर धरलं. "काल क्रांतीनं इचारलं तवा मना सांगता येईना. आता येतं. या पुस्तकापायी माजा दोनदा नंबर गेला. ज्याच्यापायी नंबर जातो ना, ते आवडीचं." मग पुढच्या ओळीत बसलेल्या वडिलांकडे पाहून म्हणाला, "बाबा, तुमचं मिठागर गेलं, त्याच्यावरनं रस्ता झाला. मी रोज त्याच रस्त्यावर घोडा चालवतो आन मना वाटायचं, मी तुमची जागा तुडवत गाडी नेतो. या बाईनं सांगितलं, वाट आपलीच हाय."

अंबाजी उठले, पोराच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि स्वतःच्या हातानं गुढीशेजारी मांडलं. माझे डोळे म्हणजे माझे दिवे. ते त्या वेळी चालू असते तर मला किती भरून आलंय ते सगळ्यांना कळलं असतं.

"पुढच्या वर्षीचा आकडा?" सुचितानं विचारलं.

"बारा," राहुल म्हणाला. "पन त्यात एक तरी असं, ज्यात नंबर जाईल."

या गोष्टीला काही वर्षं झाली. मी जुना झालो, राहुलनं नवा घोडा घेतला. मला कोण घेणार हा प्रश्न होता. साहिल आला आणि म्हणाला, "फळीसकट देत असशील तर घेतो." आता तो स्वतःच्या गाडीचा मालक आहे, आणि फळीवर त्याची पुस्तकं आहेत. यंदाचा त्याचा आकडा पाच. त्याला तो पुरेसा आहे.

तुम्हीही वर्षाला किती वाचायची ते ठरवत असाल. जरूर ठरवा. आकडा नसता तर राहुलनं फळीसुद्धा ठोकली नसती. पण वर्ष सरताना स्वतःला माझा प्रश्न विचारा, कुठल्या पुस्तकात भोंगे ऐकू आले नाहीत? मग आवडतं कोणतं ते शोधावं लागणार नाही.

निरोप घेतो, कारण आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता, रांग हलली आहे. आमच्या पुढे राहुलचा नवा घोडा उभा आहे आणि तो हललेला नाही. मागून भोंग्यांचा नुसता गदारोळ. साहिलचा हात माझ्या भोंग्याकडे गेला, तिथं क्षणभर थांबला आणि मागे आला.

"वाचू दे," तो म्हणाला, आणि त्यानं माझं इंजिन बंद केलं.