कोळंबीचा शिळा भाव

"तुझा भावफलक एक नंबर आहे, मोळे," बोटीचे मालक सेवियर मुदलाळी फोनवर खुशीत होते; मेर्लीला ते लेकीसारखं ‘मोळे’च म्हणत. "आमच्या अंतप्पनचेच डोळे गेलेत. काळमुक्क्याच्या बंदरात कोळंबीचा भाव आपटलेला, आणि हा म्हातारा चढा वाचून मुनंबम सोडून बोट तिकडे घेऊन गेला! मी नंतर फलक पाहिला, तर पडलेलाच भाव होता! माल मातीमोल झाला. आता नवा तांडेल बघतोय."

"हो का," मेर्ली म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. कारण अंतप्पननं बरोबर वाचलं होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

भावफलक तिनंच बांधला होता. बोटी किनाऱ्याजवळ आल्या, फोनला रेंज मिळाली, की तांडेल त्यावर बंदराबंदराचे लिलावाचे भाव बघत आणि मग बोट वळवत. तो कशावर चालवायचा यासाठी दोन प्लॅटफॉर्म समोर होते. एक दर वेळी दूरच्या मुख्य सर्व्हरला विचारून ताजा भाव आणी, पण रेंज कमी असली की पडद्यावर चाक गरगरत बसे. दुसरा, ज्याला हे लोक एज म्हणतात तो, भावाची प्रत कोचीतच ठेवी आणि पापणी लवायच्या आत दाखवी.

"ती प्रत दहा मिनिटं जुनी असू शकते," तिचा सहकारी निषाद म्हणाला होता. "तेवढ्यात पाच बोटी धक्क्याला लागतात."

"मासळीचा लिलाव आहे रे, शेअर बाजार नाही."

"शेअर बाजार बरा, रात्री झोपतो तरी!"

तिनं ऐकलं नाही. प्रत लवकर शिळी ठरवून सारखा नवा भाव मागवला असता, तर वेग घटून तिच्या लाडक्या प्लॅटफॉर्मची शान गेली असती. बोटमालकांसमोर तिनं दोन फोन शेजारी ठेवले, वेगवान फोनला टाळ्या पडल्या, आणि बाईंची मान ताठ झाली. भावाखाली तो किती वाजताचा आहे ती वेळ दिसायची. तीही तिनं काढून टाकली, पडदा भरलेला वाटतो म्हणून. कुणाला फसवायचं नव्हतं तिला, फक्त जिंकायचं होतं.

शेवटी तिला राहवेना. मुनंबमच्या धक्क्यावर ती पोचली तेव्हा मुदलाळी काळा चहा पीत होते आणि अंतप्पन बाजूला जाळ्यांवर बसला होता.

"अंतप्पन चेट्टननी, या दादांनी, बरोबर वाचलं होतं," ती एका दमात म्हणाली. "भाव पडला होता, पण फलक जुनाच दाखवत होता. चूक माझी आहे."

मुदलाळी हसले. "म्हाताऱ्याची दया आली होय? अगं, डोळ्यांदेखत झटकन आकडा येतो!"

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, मोळे," अंतप्पनही म्हणाला. "मशीन कशाला चुकेल? वय झालं माझं."

मेर्लीला रडू फुटायचं बाकी राहिलं. तिनं निषादला फोन लावला. "आज सुरमई कुठेच आलेली नाही ना? मग कुणी फसणार नाही. फलकावर तिचा मुनंबमचा भाव पाचशे कर." मग तिनं आपला फोन अंतप्पनपुढे धरला.

"सहाशे," त्यानं वाचलं.

"निषाद, केलास?"

"केव्हाच केला," फोनमधून आवाज आला.

तिनं पान पुन्हा उघडलं. सहाशे. मुदलाळींनी स्वतःच्या फोनवर पाहिलं. तिथेही सहाशे. चहा निवला तरी सहाशेच. मग एकाएकी पाचशे झाले, आणि अंतप्पननं ते सगळ्यांच्या आधी वाचलं.

मुदलाळींचा चेहरा उतरला. "अंतप्पा," ते खाली बघत म्हणाले, "उद्या बोट तूच ने."

 अंतप्पन मेर्लीकडे बघत होता.

"हे तुला आज कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही, चेट्टा. मुदलाळींचा फोन आला तेव्हाच कळलं होतं."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, लुंगी झटकली.

"माझी बायको तेव्हापासून रोज डोळे राखणाऱ्या सांत लुसीपुढे रडतेय, माझ्या डोळ्यांसाठी," तो म्हणाला. "घरी चल. तिला तूच सांग."