लाल खूण पुसली तेव्हा

मित्रांनो, सदाशिव पेठेत एका खिडकीशी बसलेला मी एक जुना संगणक आहे. वस्तू घडण्याआधी तिचे सुटे भाग मी पडद्यावर जोडून दाखवतो. कोणता भाग कुठे नि कसा बसवायचा, याच्या अटी मला सांगाव्या लागतात. दोन अटींचे पटले नाही, की मी लाल खूण करतो. माझ्या उमेदीच्या काळात मोठमोठ्या पंपांचे आराखडे मी जुळवले. लोक म्हणत, कटकट्या आहे, पण खरे बोलतो.

माझी मालकीण स्पृहा. तिचे काका दत्तप्रसादबुवा कीर्तनकार. कीर्तन उभ्यानेच करायचे, हा त्यांचा नेम. पण गुडघे थकले होते. रामनवमीच्या कीर्तनात त्यांना मागे टेकता यावे, म्हणून स्पृहा घडीचा एक आधार तयार करत होती.

दोन पट्ट्या दोन पिनांनी जोडायच्या होत्या. पहिले भोक भोकासमोर आले. दुसरे जुळवताच मी लाल झालो. दोन्ही पट्ट्यांवरच्या भोकांमधले अंतर किंचित वेगळे होते.

"हे लाल काय गं?" शेजारी बसलेल्या बुवांनी विचारले.

"काही नाही हो काका, याची नेहमीची कुरकुर. एक अट काढली की गप्प बसेल."

"ऐक की त्याचं. माझं या पेठेत कुणी ऐकत नाही, निदान त्याचं तरी ऐक."

ती हसली आणि दुसऱ्या भोकाची अट तिने काढून टाकली. लाल खूण गेली. भोके होती तिथेच राहिली.

कारखान्यात दुसरी पिन जाईना, म्हणून भोक मोठे करून बसवली. रामनवमीला देवळात आधार डुगडुगू लागला. पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, कसाबसा झाला. उत्तररंगात रामजन्माची कथा यायच्या आतच बुवा खाली बसले आणि हात जोडून थांबले. पाळणा दुसऱ्यांनी म्हटला.

घरी आल्यावर स्पृहा माझ्यासमोर येऊन बसली. बुवा म्हणाले, "पूर्वरंग झाला ना बाळ? उत्तररंग पुढच्या वर्षी. आता विचार त्याला, काय म्हणत होता ते."

तिने काढलेली अट परत घातली. मी पुन्हा लाल झालो. मग पहिल्या भागापासून एकेक अट तपासत ती त्या अंतरापाशी पोहोचली आणि तिने ते सुधारले. नवा आधार छान झाला. पण पुढची रामनवमी आली, तेव्हा बुवांना अंथरुणातून उठवतही नव्हते.

मित्रांनो, लाल खूण पुसण्याआधी ती का उमटली, एवढे तरी विचारत जा. तो आधार माझ्याच शेजारी उभा आहे. जरासुद्धा डुगडुगत नाही.