यानातली कुरकुर

मी खुर्ची बोलतेय. साधी, लाकडी आणि स्वभावानं कुरकुरी. मागचा डावा पाय सैल. कुणी जरा हललं की मी तोंड उघडलंच. स्टुडिओतले रेकॉर्डिस्टकाका वैतागायचे. "या बयेला भंगारात घाला रे!" हे माझं रोजचं कौतुक. पण जित्याची खोड, ती काय अशी जाते?

एकदा एक काटकुळा गायक आला. आधीची दोन गाणी सपशेल आपटलेली. हेही पडलं तर गाशा गुंडाळ, असं स्टुडिओच्या मालकांनी त्याला बजावलं होतं. गाणं होतं अंतराळात वाट चुकलेल्या माणसाचं. यानात एकटाच बसून तो विचारतो, "कुणी आहे का तिकडे?" मग सगळी वाद्यं गप्प.

बिचारा माझ्यावर बसून असा जीव ओतून गायला, की माझ्याच्यानं राहवलं नाही. त्या शांततेत मी म्हटलं, "कुर्रर्र!"

काकांनी कपाळावर हात मारला. "झालं वाटोळं! पुन्हा घे."

"नको काका," गायक म्हणाला. "कुणीतरी ओ दिली ना? राहू दे."

राहिलं. आणि गाणं असं गाजलं म्हणता! न्हाव्याच्या दुकानात तेच, बारशात तेच. जाणकारांनी लिहिलं, 'हा तर विश्वाचा हुंकार!' विश्वाचा कसला डोंबलाचा, माझ्या डाव्या पायाचा!

मालक भलते खूश. माझे उपकार फेडायला त्यांनी सुतार बोलावला. त्यानं पाय घट्ट ठोकला, सांध्यांत सरस भरला, वर पॉलिश मारलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. अगं आई गं, माझी वाचाच बसली!

मग मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. मंचावर मी, माझ्यावर गायक. "कुणी आहे का तिकडे?" त्यानं विचारलं आणि अंग हलवलं. मी जीव खाऊन जोर लावला, पण आवाज निघेना. तो पुन्हा हलला. सगळे कान टवकारून बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तोंडानंच काढलं, "कुर्रर्र!" मागोमाग अख्खं मैदान कुरकुरलं. गायक ढसाढसा रडायला लागला.

आता तो कुठेही गायला की लोकच ओ देतात. मी आपली चकचकीत आणि मुकी. त्याचं भलं झालं, आनंदच आहे हो. पण तुमच्यात कुणी चांगलं जाडजूड असेल, तर एकदा या आणि धपकन बसा. पाय सैल झाला तर झाला. मलाही त्याला सांगायचंय, आहे रे बाबा, मी आहे इकडे.