क कात्रीचा

शाळेत खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत आठवड्यातून एकदा एक बाई बसायच्या. मुलांचे उच्चार आणि बोलणं सुधारणं हे त्यांचं काम. दारावरच्या पाटीवर हुद्दा लांबलचक होता, पण मुलांच्या लेखी त्या नुसत्या 'बोलायच्या बाई'. फुटबॉलच्या जाळ्या कोपऱ्यात सारून एक चटई, एक आरसा आणि चित्रांचा डबा एवढाच संसार त्यांनी तिथे मांडला होता.

एके दिवशी दुसरीच्या वर्गबाई एका मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. घरचं नाव चिमी.

"आधी वाचायची हो," वर्गबाई म्हणाल्या. "एकदा 'कावळा'ला 'तावळा' म्हणाली, सगळा वर्ग खिदळला, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप."

चिमीच्या तोंडी क यायचाच नाही, त्याच्या जागी त येऊन बसायचा. बोलायच्या बाईंनी तिला काही म्हणून दाखव असं सांगितलंच नाही. दोन चित्रं पुढे ठेवली, कार आणि तार. "मी म्हणेन ते उचल." चिमीने दरवेळी बरोबर उचललं. कान शाबूत होते.

"आता तू सांग, मी उचलते."

"तार," चिमी म्हणाली.

बाईंनी तार उचलली. चिमीच्या कपाळाला आठी पडली. "ती नाही, तार!"

बाईंनी पुन्हा तारच उचलली. "अगं, मला तर तार ऐकू आलं. तुला मोटार हवी होती होय?"

आरशापुढे जाऊन चिमीने आ केला आणि बराच वेळ स्वतःची जीभ बघत उभी राहिली.

मग काम सुरू झालं. चटईवर उताणं झोपायचं, म्हणजे जीभ आपसूक मागे घसरते, आणि घशातून हलकेच खाकरायचं. जिभेचं टोक पुढे धावायला लागलं की तिने स्वतःच बोट ठेवून ते दाबून धरायचं. पहिला क आला तो शब्दाच्या शेवटी. नाक. चाक. चिमीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तिने 'नाक' इतक्या वेळा म्हटलं की बाईंना शेवटी हसू आवरेना.

वर्गबाईंनाही बाईंनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या. चिमी चुकली तर 'नीट म्हण' म्हणायचं नाही. तिचंच वाक्य आपण बरोबर उच्चारून पुढे जायचं. आणि क चे खेळ खेळायचे ते सगळ्या वर्गाने मिळून, हिला एकटीला उभं करून नाही.

घरचा सराव काकाकडे आला. चिमीचे वडील परगावी नोकरीला, आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे शाळेतून आणायचं, खाऊ घालायचं, वेणी घालायची, सगळं काकाच करायचा. शाळेमागच्या रस्त्यावर त्याचं शिंप्याचं दुकान होतं. चिमी त्याला 'ताता' म्हणायची, आणि तिचं ऐकून सारी गल्लीही त्याला ताताच म्हणायला लागली होती. पिकल्या मिशांची गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "ताता, पँट झाली का?"

"तुमच्या धंद्यात तर क ची खाणच आहे," बाई त्याला म्हणाल्या. "कापड, काज, कॉलर, कंबर. हातातलं काम चालू ठेवा आणि तिच्याकडून एकेक वस्तू मागवा. थोडाच वेळ, तिचा हिरमोड व्हायच्या आत थांबायचं."

ही युक्ती छान चालली. फक्त 'कात्री' छळायची, कारण त्यात क च्या पाठोपाठ त टपून बसलेला. "तात्री," चिमी म्हणायची, आणि दोघंही हसून लोळायची. पुढे तीही जमली.

एकच शब्द राहिला. काका.

बाईंनी कुटुंबाचं चित्र काढून बोट ठेवलं तेव्हा चिमी फटकन म्हणाली, "ताता." बाईंनी एकदा, हलकेच, 'काका' म्हटलं. चिमीने चित्र उलटं करून ठेवलं. बाईंनी तो विषय तिथेच सोडला.

काकाने मात्र सोडला नाही. पुतणीचं एवढं चांगलं होत आलंय आणि आपल्याच नावाशी घोडं अडलंय, हे त्याच्या मनाला लागलं. त्याने ठरवलं, आता 'ताता' म्हटलं की ओ द्यायची नाही.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःच शाळेत आला. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"बाई, 'ताता'ला ओ देणं बंद केल्यापासून ती माझ्याशी बोलतच नाही. शाळा सुटली की सरळ घरी जाते, दुकानात पाऊल टाकत नाही. काल वेणी घालायला बसवली, तर म्हणाली, आई आल्यावर घालून घेईन." त्याने टेप मुठीत गुंडाळली. "मी तिचे लाड केले, तिच्यासारखं बोबडं बोललो, म्हणून झालं का हे सगळं?"

"नाही हो. लाडाने कुणाची जीभ बिघडत नाही," बाई म्हणाल्या. "असे उच्चार पुष्कळ मुलांचे असतात. पण 'ताता' हा काही चुकलेला शब्द नाही. ते तुमचं नाव आहे, तिने ठेवलेलं. ते तुम्ही टाकून दिलंत, तर तिला काय वाटेल?"

काका हळूच म्हणाला, "आपल्याला टाकलं, असं."

"उरलेले क मी बघते. तुम्ही आधी तिला ओ द्या."

शाळा सुटेपर्यंत तो फाटकाबाहेर थांबला. चिमी खाली मान घालून बाजूने निघाली, तसा तो गुडघ्यांवर बसला. "चिमे, तुझा ताता चुकला गं. हाक मारतेस का एकदा?"

ती बराच वेळ त्याच्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "ताता," ती शेवटी म्हणाली.

"ओ!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की चार पालक वळून बघायला लागले.

वर्गात चिमी पुन्हा वाचायला लागली ती थंडी संपता संपता. वर्गबाईंनी पोटभर कौतुक करायचं ठरवलं होतं, पण बोलायच्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, टाळ्या नकोत. म्हणून त्या नुसतं "छान, पुढचं कोण?" म्हणाल्या आणि फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभ्या राहिल्या. फळा आधीच स्वच्छ होता.

त्याच सुमारास चिमी एका नव्या मैत्रिणीला घेऊन दुकानात गेली. मैत्रिणीच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं.

"हा माझा काका," चिमीने ओळख करून दिली. क अगदी ठणठणीत. "पण मी त्याला ताता म्हणते."

"मी काय म्हणू?" मैत्रिणीने विचारलं.

चिमीने जरा विचार केला. "तू काका म्हण," ती म्हणाली.

काका मशीनवर वाकून सुई ओवायला लागला. ती काही केल्या ओवली जाईना.